चित्राच्या सायकलला लावलेली मोटर

नौपाडा, ठाणे
११ नोव्हेंबर २०२४

चि. चित्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहावं की नाही, यात पहिला कागद फुकट गेला. तुमचं दोघांचं कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. तोवर माझ्यासाठी नुसती चित्रा.

पत्र लिहायचं कारण, माझा फोन तुला लागत नाही. फोनच बिघडला असेल म्हणून मी दुकानात दाखवून आले. तो मुलगा म्हणाला, काकू, फोन ठणठणीत आहे. शेवटी श्रियाने सांगितलं की आईने तुला ब्लॉक केलंय, आणि त्याचा अर्थही तिनेच समजावला. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी काढलेल्या बाईला नातीकडून हे शिकावं लागलं. मी दिवसातून चार-चारदा फोन करायचे हे कबूल, पण त्यातले निम्मे तरी कामाचे असायचे. असो. पत्राला तसलं काही करता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

परत ये म्हणायला लिहीत नाहीये. ते मी बोलून झालंय आणि तुझं उत्तरही मिळालंय. विषय श्रियाचा आहे.

शाळेत डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आहे. त्यांच्या हेमांगी मॅडमनी आठवीच्या वर्गाला सांगितलं की मला वस्तू नको, प्रश्न आणा. काहीतरी असं, जे तुम्हाला खरंच माहीत नाही आणि मोजून कळेल. मला हे फार आवडलं. श्रियाने दोन दिवस डोकं खाजवून तीन प्रश्न काढले आणि जेवताना वाचून दाखवले. फ्रीजमध्ये ठेवलेले सेल जास्त टिकतात का, हा एक. दुसरा पोळीच्या कणकेबद्दल होता. तिसरा, सायकलला मोटर लावली तर चढावर माणसाचे श्रम नेमके किती वाचतात.

तुझ्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या लेकाला, त्यातला एकच शब्द ऐकू आला. मोटर.

त्या जेवणापासून तो प्रकल्प तिचा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर कागद चिकटवलेला. त्यावर आनंदच्या अक्षरात कल्पना: मोटरची सायकल, पॅडल मारून मोबाइल चार्ज, उतारावर आपोआप भरणारी बॅटरी, वर सौर पॅनेल. त्याखाली 'पहिला नंबर' असं लिहून दोन रेघा. गेली पंधरा वर्षं हा माणूस पंप विकतो आहे. इंजिनीअर म्हणून त्याने घरात शेवटचं काम केलं ते दारावरच्या घंटीचं, आणि ती अजून कोणी लिफ्ट बोलावली की वाजते. रोज एक खोकं येतंय. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. श्रिया त्याला विचारते, बाबा, पण आपण मोजायचं काय? तो म्हणतो, आधी बनू तर दे.

तू रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवसभर मोजमापच करतेस. तिला चार शब्द सांग. ती होऊन विचारणार नाही. तुझ्याकडे आली की इकडचं बोलत नाही, इथे आली की तिकडचं. तेरा वर्षांच्या मुलीला इतकी शिस्त बरी नव्हे, आणि ती तिला आपणच लावली आहे.

तुझी,
आई


१८ नोव्हेंबर

चि. चित्रा,

"आजीला सांग, पत्र मिळालं." एवढाच निरोप श्रियाबरोबर. पोस्टमनसुद्धा याहून जास्त बोलतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. आता ठेवून उपयोग नाही, कारण रविवारी श्रियाच्या तोंडून निघणारच.

ती सायकल तुझी आहे. निळी, पुढे जाळीची टोपली असलेली, तू सकाळी तलावपाळीला फेरी मारायला न्यायचीस ती. तू गेल्यापासून जिन्याखाली उभी होती. मी मधूनमधून पुसायचे. आनंदने एका रात्रीत तिचं मागचं चाक काढून मोटर असलेलं चाक बसवलं. बॅटरीला दुसरी जागा नव्हती म्हणून टोपली एका बाजूने कापली आणि त्यात बॅटरी पट्ट्याने आवळून ठेवली.

मी विचारलं, चित्राला विचारलंस का? तो म्हणाला, "आई, तिच्यासाठीच तर करतोय. डोंबिवलीत मानपाडा रोडवरून कंपनीत जायला तिला रिक्षा मिळत नाही. प्रदर्शनाला ती येईल, बघेल, मग तिलाच देऊन टाकू. ती खूश होईल."

म्हणजे पहिला नंबर कशासाठी हवाय ते तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं. मी कपाळावर हात मारून घेतला. गेल्या वर्षी कंपनी तुला सहा महिने बडोद्याला पाठवत होती, तेव्हाही यानेच तुझ्या साहेबांना परस्पर फोन करून घरची अडचण सांगितली होती. तेव्हाही याला वाटलं होतं की आपण तुझा त्रास वाचवतोय, तू खूश होशील. तू बॅग भरलीस. घर सोडून जाण्याइतकं काय झालं, हे त्याला अजून कळलेलं नाही. आणि हे मी त्याच्या आईनेच लिहायचं.

काम कसं चाललंय तेही सांगते. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, तो थांबवायचा, पाना मागायचा. पाना द्यायला मी. खोक्यात ब्रेकच्या नव्या मुठी होत्या, त्यांना वायर जोडलेली. श्रियाने बरोबरचा माहितीचा कागद सगळा वाचला. तिने सांगितलं की ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून त्या आहेत, त्या लावायलाच हव्यात. तुझ्या हँडलला त्या नीट बसेनात. आनंद म्हणाला, जुने ब्रेक चांगले आहेत, हे नंतर बघू. मुठी परत खोक्यात.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार होते? मला सायकल येत नाही.

आई


२२ नोव्हेंबर

चित्रा,

परवा दवाखान्यात तू माझं एक वाक्यही पुरतं होऊ दिलं नाहीस. तुझ्या जागी मीही दिलं नसतं. पण काय घडलं ते तुला नीट कळलं पाहिजे, म्हणून क्रमाने लिहिते.

बुधवारी मतदानाची सुट्टी होती. आम्ही सकाळी लवकर मत देऊन आलो. रस्ते मोकळे. आनंद म्हणाला, चाचणीला यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही. मागच्या गल्लीत सायकल काढली. पहिल्या दोन फेऱ्या त्याने एकट्याने मारल्या. आवाज नाही, काही नाही, सायकल पळाली. मी गेटपाशी उभी होते, आणि खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं. घंटी बिघडवणाऱ्या माणसाने केलेली वस्तू चालत होती.

मग तो श्रियाला म्हणाला, मागे बस आणि मोबाइलवर वेग वाचून दाखव. मी नको म्हटलं. हळू म्हटलं असेन, कारण दोघांनीही ऐकलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर आत वळली. आनंदने ब्रेक दाबला. हँडलची उजवी मूठ फिरवली की मोटरचा वेग वाढतो. घाबरून मूठ आवळली, तशी ती फिरलीही. एकाच हाताने तो सायकल थांबवतही होता आणि पळवतही होता. खोक्यातल्या त्या मुठी लावल्या असत्या तर ब्रेक दाबताक्षणी मोटर बंद पडली असती. स्कूटरवाला बाजूला निघून गेला. सायकल सोसायटीच्या कुंड्यांवर गेली. आनंद खांद्यावर पडला. श्रिया उडून पुढे, हनुवटी कठड्यावर आणि मनगट अंगाखाली.

पुढचं तू पाहिलंस. हनुवटीला टाके आणि मनगटाला प्लास्टर. आनंदच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय.

आता तू न पाहिलेलं. रिक्षात आनंद मला म्हणाला, चित्राला आत्ता कळवू नकोस, टाके झाल्यावर मी सांगतो. म्हणून दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या मी काउंटरवरच्या बाईंचा फोन मागून घेतला. माझ्या फोनवरून तू लागली नसतीस. तुला ते कळावं म्हणून लिहीत नाही, पण कळलं तर बरं.

तू सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "तुला काहीही करताना समोरचं माणूस दिसतच नाही." त्याने मान खाली घातली. घरी आल्यावरही ती वर आलेली नाही. जेवतो, गोळ्या घेतो, भिंतीकडे बघतो. मला त्याचा राग आहे आणि त्याला एका हाताने आमटी ओरपताना बघवतही नाही. या वयात दोन्ही एकदम करायला लागतंय.

श्रियाला तू डोंबिवलीला नेलंस ते बरोबरच केलंस. तिची जांभळी शाल इथेच राहिली. पाठवते.

आई


२ डिसेंबर

चि. चित्रा,

आजचं पत्र वाचून तू रागावणार आहेस. तरी शेवटपर्यंत वाच.

शनिवारी हेमांगी मॅडमचा फोन आला. तू त्यांना कळवलंस म्हणे की श्रिया प्रदर्शनात भाग घेणार नाही, तिचं नाव काढा. मॅडमनी मला विचारलं, हे श्रियानेच ठरवलं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. पण मला माहीत होतं, कारण त्याच्या आदल्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला होता.

तुला वाटलं असेल ती खोलीत पडून आहे. ती गच्चीवरून बोलत होती. म्हणाली, "आजी, बाबांनी ब्रेक दाबला तिथून कुंड्यांपर्यंत किती अंतर आहे, ते मला मोजून हवंय." रस्त्यावर टायरची काळी खूण राहिली असेल, ती पुसायच्या आत. मी शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन खाली गेले. ती टेप केवढीशी असते, तुला माहीत आहे. खडूने खूण करायची, पुढे सरकायचं, परत खूण. एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, मावशी, रस्ता रुंद होणार का? मी त्याला म्हटलं, तुम्ही टेपचं हे टोक धरा. त्याने धरलं. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. मोजून झालं आणि मी तिला आकडा कळवला. तिने तो दोनदा विचारून लिहून घेतला. मग म्हणाली, एवढं? आणि मला तिचा प्रश्न सांगितला.

मोटर लावल्यावर सायकलचा जुना ब्रेक पुरतो का?

हा तिचा स्वतःचा प्रश्न आहे, चित्रा. आनंदचा नाही, मॅडमचा नाही, फ्रीजवरच्या कागदावरचा नाही. हनुवटीला टाके पडलेल्या मुलीने काढलेला आहे. तिने सगळी आखणीही केली आहे. मोटर चालवायची नाही. नुसती पॅडल मारायची, एकदा हळू, एकदा वेगात. खडूच्या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि सायकल कुठे थांबते ते मोजायचं. मग चाक ओलं करून परत. मग नवे ब्रेक लावून परत. यात मोडायला काही नाही.

आणि तू तिला न विचारता शाळेला कळवून मोकळी झालीस. तुझं मन मला समजतं. पण हे लिहिताना मला बडोद्याचा तो फोन आठवला. तुलाही आता आठवेल. हेच वाचून तू रागावशील असं वर म्हटलं.

मी परवा तुझ्याकडे यायला निघाले होते. शाल द्यायची होती. बसने आले, तुझी इमारत विचारत विचारत शोधली. खाली वॉचमनने विचारलं, कोणाकडे? मला 'सुनेकडे' म्हणता येईना आणि दुसरं काय म्हणावं ते सुचेना. शाल त्याच्याकडे देऊन परत फिरले. त्याने कुरिअरवाल्या बाई आल्या होत्या असं सांगितलं असेल, तर ती मी.

आता कामाचं. प्रयोगाला सायकल चालवणारं माणूस हवंय. श्रियाचा हात प्लास्टरमध्ये, आनंदचा खांदा बांधलेला, माझं तुला माहीत आहे. दरवेळी माणूस तेच हवं, नाहीतर वजन बदलतं, असं श्रियाचं म्हणणं. तिच्या डोक्यात नाव आहे, पण ती तुला विचारायला घाबरते. म्हणून मी विचारते. सायकल तुझीच आहे. रविवारी सकाळी मॅडम शाळेचं मैदान उघडून देणार आहेत.

यायचं नसेल तर येऊ नकोस. पण तसं तिला तू स्वतः सांग. माझ्यातर्फे नको.

आई


९ डिसेंबर

चि. चित्रा,

कालचं मला तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. पण तू मैदानाच्या त्या टोकाला आणि आम्ही या टोकाला. या टोकाचं सांगते.

आधी शनिवारचं. आनंदने सायकल जिन्याखालून काढून पुसली. मला वाटलं, आता हा परत काहीतरी सुरू करतो. तर त्याने श्रियाला फोन लावला आणि विचारलं, मोटर काढून टाकू का? मी भांडी घासत होते, नळ बंद केला. या माणसाच्या तोंडून 'करू का' असा शब्द मी कधी ऐकला ते मला आठवेना. श्रियाने सांगितलं की मोटर आणि बॅटरी राहू दे, वजन तेवढंच हवं, फक्त मधली वायर काढून टाक. त्याने वायर काढली आणि माझ्या हातात आणून दिली. ती आता माझ्या कपाटात आहे.

मैदानात तू पहिली फेरी मारलीस तेव्हा सीटची उंची कमी आहे हे मलासुद्धा दिसलं. आनंद ओरडणार होता. श्रियाने शिट्टी तोंडातून काढली आणि त्याला म्हणाली, "बाबा, तू फक्त टेप धर." त्याने टेप धरली. एका हाताने, उन्हात, शेवटपर्यंत. तू दर वेळी थांबायचीस, ती आकडा लिहायची, तो टेप गुंडाळून परत सुरुवातीला जाऊन उभा राहायचा. मध्ये दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी मोजत होते.

वेग दुप्पट झाल्यावर थांबायचं अंतर दुप्पट व्हावं असं मला वाटत होतं. ते जवळजवळ चौपट निघालं. श्रिया म्हणाली, पुस्तकात असंच लिहिलंय, पण आता मला ते खरं वाटतं.

चाक ओलं केलं त्या फेरीत तू रेघ ओलांडून पार गोलपोस्टच्याही पुढे गेलीस, पाय टेकवत टेकवत थांबलीस, आणि तिथून हसलीस. श्रियाही हसली. हेमांगी मॅडमही.

घरी येताना रिक्षात आनंद म्हणाला, "आई, ती आपल्या घरी असताना अशी हसायची का?"

मी म्हटलं, आठवत नाही.

मला आठवतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तरी हसायचीस. पुढे ते थांबलं, हे लक्षात यायला हवं होतं कोणाच्या तरी. पण रिक्षात, खांदा बांधलेल्या माणसाला ते सांगून काय मिळणार होतं.

माझा फोन आता तुझ्याकडे वाजतो, हे काल रात्री कळलं. तरी पत्रच लिहिते. फोनवर तू 'हं, आई, बोला' म्हणतेस आणि मला काय बोलायचं ते विसरायला होतं.

आई


२३ डिसेंबर

चि. चित्रा,

कंपनीत तपासणीवाले यायचे होते म्हणून तुला शनिवारी सुट्टी मिळाली नाही. श्रियाने तुला निकाल सांगितलाच असेल. नंबर आला नाही. तिने दोन वाक्यांत उरकलं असणार, म्हणून बाकीचं मी लिहिते.

हॉलभर टेबलं. पहिला नंबर आला त्या मुलाचा कचऱ्याचा डबा होता, हात पुढे केला की झाकण उघडतं. छान होता. कोणी केला ते त्या मुलाला नीट सांगता येत नव्हतं, पण झाकण उघडत होतं. श्रियाच्या टेबलाशी सायकल, मागे तिने काढलेला तक्ता. सायकल चालू नाही म्हटल्यावर मुलं पुढे जायची.

परीक्षक दोन होते. त्यातल्या एकांनी सायकलच्या मोटरवर हात ठेवला आणि म्हणाले, चालवून दाखव. श्रिया म्हणाली, वायर काढलेली आहे. मग हे प्रदर्शनात कशाला, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं आता पोर रडते. ती म्हणाली, "सर, मोटर लावली की सायकल पळते, ते सगळ्यांना माहीत आहे. ती थांबते का, ते मी मोजलंय." त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. सगळा. मग म्हणाले की प्रत्येक फेरी तीनदाच घेतलीस, निदान दहादा घ्यायला हवी होती, आणि ओल्या चाकाचे आकडे फार वरखाली आहेत. ती म्हणाली, हो सर, ते मलाही खटकलंय. आणि चक्क त्यांच्याशी पाण्याबद्दल बोलायला लागली. दर वेळी चाकावर पाणी सारखंच पडेल असं काही करायला हवं होतं, वगैरे. ही सवय कोणाची ते मी लिहायला नको.

एक गृहस्थ आनंदला म्हणाले, वा, सायकल तुम्ही बनवलीत वाटतं. आनंद म्हणाला, "नाही. मी पाडली." आणि बाजूला होऊन श्रियाकडे बोट केलं.

नंबर नाही म्हटल्यावर तो उठला. मला वाटलं, आता जाऊन भांडणार. तो पाणी प्यायला गेला होता. हेमांगी मॅडमनी तक्ता मागून घेतला आहे, शाळेच्या सायकल स्टँडवर लावायला.

संध्याकाळी घरी चहा झाला आणि श्रियाने कप खाली ठेवून सांगितलं. तिला तुझ्याकडेच राहायचंय. हे वर्ष याच शाळेत, जूनपासून तिकडची शाळा. शनिवार-रविवार इकडे. तुला तिने आधी विचारलंय असं म्हणाली. आनंदला म्हणाली, "बाबा, मी तुझ्यावर रागावले नाहीये. पण मला तिकडे बरं वाटतं."

तो म्हणाला, बरं. एवढंच. नंतर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. श्रिया गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. ती दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. चकल्या तळायला घेतल्या. डिसेंबरात. कोणी विचारलंही नाही का ते.

आई


५ जानेवारी २०२५

चि. चित्रा,

वकिलांकडून तुला कळेलच, पण मी आधी सांगते. घटस्फोटाच्या संमतीचे कागद गणपतीपासून टेबलाच्या खणात पडून होते. काल सकाळी आनंदने ते बाहेर काढले. मला विचारलं, आई, सही करू का?

मी त्याच्यावर इतकी भडकले की काय सांगू. साऱ्या जन्मात न विचारता सगळं केलंस आणि नेमकं हेच मला विचारतोस? मी काय म्हणणार होते? त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "विचारायचं म्हणून विचारलं. करणार तर आहेच. मी अडवून ठेवलं म्हणून ती काही परत येणार नाही." आणि केली सही. तीन ठिकाणी. अक्षर वाईट आलंय, हाड अजून पूर्ण भरलेलं नाही. त्यावरून काही अडलं तर वकिलांना तसं सांग.

दुपारी तो जेवला नाही. रात्री जेवला.

त्यानंतर मीही काही विचारपूस केली. तुमचे वकील नौपाड्यातलेच, माझ्या माहितीतले. त्यांना फोन करून विचारलं की हे सगळं झाल्यावर सासू आणि सून यांचं कायद्याने काय होतं. त्यांना वाटलं मी दागिन्यांचं विचारतेय. मी म्हटलं, नाही हो, नात्याचं विचारते. ते हसले. म्हणाले, सुमतीबाई, त्याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही.

मला रात्री झोप लागली नाही. या दोन महिन्यांत श्रियाला विचारलं गेलं, तुला विचारलं गेलं, शेवटी आनंदही विचारायला शिकला. मला कोणी विचारलं नाही. तेव्हा मी न विचारताच सांगते. मला तुम्ही दोघी या घरात हव्या होतात. ते आता होणार नाही हे मला समजलंय. पटायला वेळ लागेल, आणि तोवर मी चिडचिड करणार. ती तू ऐकून घे. घ्यायची नसेल तर तसं तोंडावर सांग, फोन बंद करून नको.

श्रियाची पुस्तकं, गरम कपडे आणि हार्मोनियम घेऊन मी येत्या रविवारी येते. आनंद सामान टेम्पोत चढवून देईल, तो येणार नाही. मी सामानाबरोबर येईन. श्रियाची खोली लावून होईतो दुपार होईल, तेव्हा जेवूनच निघेन. भाजी कुठलीही चालेल. वांगं नको.

वकील म्हणाले त्यावर मी पुष्कळ विचार केला. कायद्यात काही लिहिलेलं नाही, म्हणजे मनाईही लिहिलेली नाही.

सुमती